जमिनीतलं खातं : हरितगृह, हीट पंप आणि थोडं गणित

डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंघोळ करणाऱ्या प्रत्येक हॉस्टेलवासीयाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर पडलं की बोंब मारावीशी वाटते, पण बोअर चालू असेल तर थेट पाइपातून येणारं पाणी कोमट लागतं. तेच बोअरचं पाणी मे महिन्यात छान गार लागतं. बोअर तोच, पाणीही तेच. खरं तर त्या पाण्याचं तापमान वर्षभर जवळपास सारखंच असतं. बदलते ती वरची हवा.

जमिनीचा हा शांत स्वभाव वापरून हरितगृह, म्हणजे आपलं पॉलीहाऊस, हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड ठेवता येईल का? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ग्राउंड सोर्स हीट पंप. हल्ली फायनल इयरच्या प्रोजेक्टांच्या यादीत हा विषय हमखास दिसतो. पोस्टर छान होतं, लाल-निळे बाण काढता येतात, 'ग्रीन एनर्जी' म्हणून परीक्षकही खूश होतात. पण पॉलीहाऊस उभारणारा शेतकरी बँकेचं कर्ज काढून ते उभारतो. त्याला आपण सल्ला देणार असू तर बाणांच्या आधी आकडे यायला हवेत. म्हणून या लेखात बाण कमी आणि आकडे जास्त आहेत. कॅल्क्युलेटर जवळ घेऊन बसा.

जमीन उशिरा ऐकते

हीट ट्रान्सफरच्या पेपरात 'सेमी-इन्फिनिट सॉलिड' नावाचा प्रकार येतो. आपण तो ऑप्शनला टाकतो. पण या विषयाचा सगळा पाया तिथेच आहे.

जमिनीच्या पृष्ठभागावर तापमानाच्या दोन लाटा चालू असतात. एक दिवस-रात्रीची, दुसरी वर्षाची. या लाटा खाली जाताना दोन गोष्टी होतात : त्यांची उंची कमी होते आणि त्या उशिरा पोचतात. ओलसर मातीची थर्मल डिफ्युजिव्हिटी साधारण ०.६ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद धरली, तर दिवसाची लाट फक्त १३ सेंटिमीटर खोलीवर ३७ टक्के उरते. हातभर खोल गेलं की ती संपलीच. वर्षाची लाट मात्र चिवट असते. तिला ३७ टक्क्यांवर यायला सुमारे अडीच मीटर लागतात.

आता तीन मीटर खोलीचा हिशोब करू. वर्षाच्या लाटेचा सुमारे ३० टक्के भाग तिथे उरतो आणि तोही साधारण ७० दिवस उशिरा पोचतो. अहमदाबादसारख्या गावी महिन्याचं सरासरी तापमान वर्षभरात २० ते ३४ अंशांमध्ये फिरतं असं धरा. म्हणजे मध्य २७ आणि चढउतार ७ अंशांचा. तीन मीटर खाली हा चढउतार फक्त २ अंशांचा होतो.

शिवाय तो उशीर आपल्या फायद्याचा असतो. वर २० मे असताना तीन मीटर खाली मार्चचा पहिला पंधरवडा चालू असतो. आपण वर घामाघूम असतो आणि खालच्या मातीला अजून थंडीची आठवण असते. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायला जमिनीत पेवं खोदत असत. त्या लोकांनी डिफ्युजिव्हिटी हा शब्द ऐकला नव्हता, पण जमिनीखाली हवामान ठरलेलं असतं हे त्यांना कळलेलं होतं.

हीट पंप म्हणजे मेसमधला फ्रिज

उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडे जाते. उलटं न्यायचं तर काम करावं लागतं. मेसमधला फ्रिज हेच करतो : आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. त्या जाळीजवळ हात धरा, गरम लागेल. आता फ्रिजचा आतला भाग जमिनीत पुरला आणि मागची जाळी हरितगृहात ठेवली अशी कल्पना करा. झाला हीट पंप. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर हे चार भाग तेच. उन्हाळ्यात रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरवला की तेच यंत्र हरितगृहातली उष्णता उचलून जमिनीत टाकतं.

कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ साली अशा यंत्राने इमारत गरम करता येईल हे मांडलं. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५६-५७ च्या सुमारास मिठागरात याच तत्त्वावरचं यंत्र चालवलं. उष्णता जमिनीतून घेण्याचं पेटंट स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिक झोली यांच्या नावावर १९१२ पासून आहे.

व्हायवाला हमखास येणारा प्रश्न : एक युनिट वीज घालून चार युनिट उष्णता मिळते, मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कुठे गेला? उत्तर सोपं आहे. यंत्र उष्णता तयार करत नाही, वाहून आणतं. तीन युनिट जमिनीतून येतात आणि एक युनिट ही वाहतुकीची हमाली. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. इव्हॅपोरेटर ५ अंशांवर म्हणजे २७८ केल्व्हिनला आणि कंडेन्सर ४५ अंशांवर म्हणजे ३१८ केल्व्हिनला असेल, तर कार्नोचा आदर्श सीओपी ३१८ भागिले ४०, म्हणजे जवळजवळ ८. प्रत्यक्षातलं यंत्र त्याच्या निम्म्यावर येतं, म्हणजे ४.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. खालच्या छेदात दोन तापमानांमधला फरक आहे. चढ जितका मोठा, हमाली तितकी जास्त. ४५ ऐवजी ३५ अंशांच्या पाण्यावर हरितगृह भागवता आलं तर आदर्श सीओपी १० च्या पुढे जातो. म्हणून हीट पंपाबरोबर लहान रेडिएटर न लावता मोठ्या पृष्ठभागाचे पाइप किंवा पंख्याची कॉइल लावतात.

लूप किती लांब?

जमिनीतून उष्णता काढायला एचडीपीई पाइपाचा लूप पुरतात आणि त्यातून पाणी किंवा गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेलं पाणी फिरवतात. लूप आडवा असेल तर एक ते दोन मीटर खोल चर लागतात. उभा असेल तर साधारण ५० ते १५० मीटरचे बोअर लागतात.

किती उष्णता मिळेल, याचे ठोकताळे जर्मनीच्या व्हीडीआय ४६४० या मार्गदर्शिकेत आहेत. आडव्या लूपमध्ये कोरड्या वाळूसारख्या मातीतून दर चौरस मीटरला सुमारे १० वॅट, ओलसर चिकण मातीतून २० ते ३०, पाण्याने भरलेल्या जमिनीतून ४० पर्यंत. उभ्या बोअरमधून दर मीटरला सरासरी ५० वॅट. म्हणजे उष्णता देते ती माती कमी आणि मातीतलं पाणी जास्त.

आता दहा गुंठ्यांचं हरितगृह घेऊ. दहा गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. छत आणि भिंती मिळून प्लास्टिकचं क्षेत्रफळ १५०० चौरस मीटर धरू. एकेरी पॉलिथिनमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला सुमारे ६ वॅट उष्णता निसटते. युरोपातली थंड रात्र : बाहेर ०, आत १५ अंश हवेत.

६ × १५०० × १५ = १,३५,००० वॅट, म्हणजे १३५ किलोवॅट.

सीओपी ४ असेल तर यातला तीन चतुर्थांश भाग, सुमारे १०० किलोवॅट, जमिनीने द्यायचा. आडव्या लूपला २५ वॅटच्या हिशोबाने ४००० चौरस मीटर जमीन लागेल. म्हणजे दहा गुंठ्यांच्या हरितगृहासाठी एक एकर रान उकरायचं! उभा लूप घ्यायचा तर १०० मीटरचे २० बोअर.

आता उलट बाजूने पाहू. प्लास्टिक दुहेरी केलं आणि रात्री आतून थर्मल स्क्रीन, म्हणजे साधा उष्णतारोधक पडदा, ओढला तर ६ चा आकडा ३ च्या आसपास येतो. गरज निम्मी झाली, बोअर दहा झाले, पंपही निम्मा झाला. एका पडद्याने दहा बोअर वाचवले. म्हणून या विषयातला पहिला धडा असा : जमिनीतून उष्णता आणण्याआधी छतातून जाणारी थांबवा. गळक्या टाकीला मोठी मोटर लावून उपयोग नसतो.

जमीन म्हणजे खातं

दुसरा धडा जमिनीबद्दलचा. लोकांना वाटतं की जमीन म्हणजे न संपणारा साठा. तसं नाही. ते खातं आहे. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता दर चौरस मीटरला एक दशांश वॅटसुद्धा नसते. उथळ लूपला मिळते ती मुख्यतः सूर्याने उन्हाळ्यात भरलेली रक्कम. दर हिवाळ्यात काढतच राहिलात आणि भरलं नाहीत, तर लूपभोवतीची माती वर्षागणिक थंड होत जाते. चढ वाढतो, सीओपी घसरतो, आणि चार-पाच वर्षांनी 'पंप खराब झाला' अशी तक्रार येते. पंप ठणठणीत असतो. खातं रिकामं झालेलं असतं.

इथे हरितगृहाला इतर इमारतींपेक्षा मोठा फायदा आहे, कारण हरितगृह हे मुळात सूर्याची उष्णता पकडणारं यंत्र आहे. नेदरलँड्समध्ये वर्षभरात दर चौरस मीटरवर साधारण १००० युनिट ऊन पडतं. जुन्या पद्धतीच्या तापवलेल्या टोमॅटोच्या काचघराला दर चौरस मीटरला वर्षाला सुमारे ४० घनमीटर नैसर्गिक वायू लागत असे. त्याची उष्णता ४०० युनिटांच्या आसपास येते. म्हणजे वर्षभराचं ऊन गरजेच्या अडीच पट. अडचण एकच : ऊन येतं जूनमध्ये आणि गरज असते जानेवारीत.

डच लोकांनी यावर जमिनीतलं खातं उघडलं. त्यांच्याकडे खाली वाळूचे पाणी भरलेले थर आहेत. त्यात दोन विहिरी घेतात, एक गरम आणि एक थंड. उन्हाळ्यात थंड विहिरीचं पाणी उपसून काचघर थंड करायचं आणि तापलेलं पाणी गरम विहिरीत सोडायचं. हिवाळ्यात उलट : गरम विहिरीच्या पाण्यातून हीट पंपाने उष्णता काढायची आणि गार झालेलं पाणी थंड विहिरीत परत भरायचं. आत सोडायच्या पाण्याचं तापमान साधारणपणे २५ अंशांच्या वर जाऊ नये आणि वर्षानुवर्षं जमीन तापत जाऊ नये, अशा अटीही तिथल्या नियमांत आहेत. खात्यात तोल हवा हे कायद्यानेच सांगितलं आहे.

त्यांनी हे हौसेने केलं नाही. तिथली काचघरं दशकानुदशकं ग्रोनिंगनच्या स्वस्त वायूवर चालली. १९५९ साली सापडलेल्या त्या वायूक्षेत्रातून उपसा करता करता वर भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले, आणि अखेर २०२३ मध्ये उत्पादन थांबवून २०२४ मध्ये ते क्षेत्र कायद्याने बंद करण्यात आलं. त्याआधी २०२१-२२ मध्ये युरोपात वायूचे भाव असे भडकले, की अनेक डच उत्पादकांनी हिवाळ्यात काचघरातले दिवे बंद ठेवले किंवा लागवड पुढे ढकलली.

यात एक गंमत आहे. वायू जाळून मिळणारा कार्बन डायऑक्साइड ते रोपांना देत असत. हीट पंपाला धुराडं नाही, त्यामुळे तो बाहेरून आणावा लागतो. रॉटरडॅमजवळच्या रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड पाइपलाइनने काचघरांना पुरवण्याची सोय २००५ पासून आहे. एक यंत्र बदललं की त्याला जोडलेलं सगळं बदलावं लागतं, हे सिस्टीम डिझाइन शिकणाऱ्यांनी लिहून ठेवावं.

कच्छमधल्या नळ्या

आता थंड डच प्रदेशातून आपल्या जवळच्या उष्ण प्रदेशात येऊ, कारण तिथे हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला गेला.

अहमदाबादच्या आयआयएममधील गिरजा शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉम्प्रेसर बाजूला ठेवून पाहिला. त्यांनी तीन मीटर खोलीवर ५० मीटर लांब आणि १० सेंटिमीटर व्यासाची लोखंडी नळी पुरली आणि ब्लोअरने तिच्यातून हवा सोडली. त्या खोलीवर मातीचं तापमान २७ अंशांच्या आसपास होतं. मे महिन्याच्या दुपारी हवा जास्तीत जास्त १४ अंशांनी थंड होऊन बाहेर पडली आणि जानेवारीच्या रात्री जवळपास तितकीच गरम होऊन. सीओपी उन्हाळ्यात ३.३ आणि हिवाळ्यात ३.८ मिळाला.

मग कच्छमधल्या कोठारा इथे त्यांनी हेच तंत्र १२० चौरस मीटरच्या हरितगृहाला जोडलं. प्रत्येकी २३ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर व्यासाच्या आठ नळ्या, तीन आणि दोन मीटर खोलीवर दोन थरांत पुरल्या. हरितगृहातलीच हवा त्यांतून पुन्हा पुन्हा फिरवायची, तासाला वीस वेळा. थंडीच्या रात्री आतलं तापमान अर्ध्या तासात ९ वरून २२-२३ अंशांवर आलं. उन्हाळ्यासाठी एकट्या नळ्यांवर भिस्त नव्हती. वायुवीजनाच्या खिडक्या, सावलीचे सरकते पडदे आणि फॉगर यांची जोड होती. टोमॅटोचं उत्पादन उघड्या शेताच्या सुमारे २.७ पट मिळालं आणि पाणी साधारण एक तृतीयांश कमी लागलं. कच्छसारख्या कोरड्या मुलखात हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

नेदरलँड्सला कॉम्प्रेसर लागला आणि कोठाऱ्याला लागला नाही, असं का? उत्तर एका प्रश्नात आहे : जमिनीचं तापमान आणि पिकाला हवं असलेलं तापमान, यांत वर कोण? डच जमीन १०-११ अंशांची आणि टोमॅटोला हवेत १८. उष्णता चढावर न्यायची, म्हणून पंप. कच्छची जमीन २७ ची आणि रात्री हवेत १५ ते २०. उष्णता उतारावरून आपोआप येते, फक्त हवा फिरवली की झालं. उताराला पंप लावणं म्हणजे विजेचं बिल विकत घेणं.

मग आपल्याकडे?

महाराष्ट्रात हिवाळ्याचा प्रश्न याच प्रकारचा आहे. मावळातल्या गुलाबाला थंडीच्या रात्री जी ऊब हवी असते, तिच्यापेक्षा तीन मीटर खालची जमीन आधीच गरम असते. खरा प्रश्न उन्हाळ्याचा. तोही मोजून पाहू.

एप्रिलच्या दुपारी सावलीचं जाळं ओढूनही दर चौरस मीटरला ३०० वॅट आत येतात असं धरा. दहा गुंठ्यांना ३०० किलोवॅट, म्हणजे सुमारे ८५ टनांचं एसी! हीट पंपाचा सीओपी ४ धरला तरी ७५ किलोवॅट वीज लागेल आणि जमिनीत ३७५ किलोवॅट ओतावे लागतील. शंभर मीटरचे ७५ बोअर झाले. सहा तास असं ऊन पडलं तर हरितगृहातून १८०० युनिट उष्णता काढावी लागते. ती नळ्यांनी जमिनीत घालायची म्हटली, तर एकाच दिवसात सुमारे ६५० घनमीटर माती ५ अंशांनी तापेल. महिनाभरात खातं ओसंडून वाहील. शिवाय नळीतून २८ अंशांची हवा आली आणि आत ३२ वर थांबायचं ठरवलं, तर सेकंदाला ६२ घनमीटर हवा लागते. कोठाऱ्याच्या मापाच्या अडीचशे नळ्या!

हीच उष्णता पाण्याच्या बाष्पीभवनाने काढायला तासाला साधारण ४४० लिटर पाणी पुरतं. म्हणून आपल्याकडे फॅन-पॅड चालतं. पण दिवसाला अडीच हजार लिटर पाणी दुष्काळी तालुक्यात थोडं नसतं आणि कोकणातल्या दमट हवेत पॅडचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा उन्हाळ्यात आधी सावली, मग वारा, मग पाणी. जमिनीकडे मागायची ती रात्रीची ऊब, आणि दिवसा रोपवाटिकेसारख्या छोट्या, मोलाच्या जागेपुरता गारवा.

खोदाईचंही पाहायला हवं. आपल्याकडे वरची काळी माती बऱ्याच ठिकाणी मीटर-दीड मीटरवर संपते. मग मुरूम आणि खाली काळा पाषाण. तीन मीटरच्या चराला पोकलेन आणि ब्रेकर लागला, तर नळ्यांपेक्षा खड्डाच महाग पडतो. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळली की नळीला चिकटून राहत नाही, आणि मधली हवेची फट उष्णता अडवते. नळीत दमट हवा गार झाली की पाणी सुटतं. उतार आणि निचऱ्याची सोय नसेल तर तिथे बुरशी धरते आणि तीच हवा रोपांवर जाते.

प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी

यंदा कुणी हा विषय घेणार असेल तर कामाचा क्रम असा ठेवा.

१. तीन मीटर खोल एक थर्मोकपल पुरा आणि वर्षभर नोंदी घ्या. ज्युनिअरांना सोबत घेतलंत तर नोंदी मध्येच तुटणार नाहीत.

२. हरितगृहाची गरज तासागणिक काढा. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी.

३. पडदा, दुहेरी प्लास्टिक, सावली आणि खिडक्या यांनी ती किती कमी होते ते पाहा.

४. उरलेल्या गरजेसाठी विचारा : जमीन पिकापेक्षा वर आहे की खाली? उतार असेल तर नळ्या, चढ असेल तर पंप.

५. वर्षाचं खातं मांडा. किती काढलं, किती भरलं?

६. शेवटी खर्च, आणि त्यात खड्डा विसरू नका.

या सहा पायऱ्यांनंतर उत्तर 'हीट पंप नको' असं आलं तरी प्रोजेक्ट फसला असं समजू नका. एखाद्या शेतकऱ्याच्या कर्जात नको असलेल्या यंत्राची भर पडू दिली नाही, तर तेही इंजिनिअरचंच काम आहे. आणि उत्तर 'हवा' असं आलं, तर तो पंप पाचव्या वर्षीही पहिल्या वर्षासारखा चालेल, कारण त्याचं खातं तुम्ही आधीच तपासलेलं असेल.